वाचकांचे प्रश्न : हायलँड्स आणि हेब्रिडीजची गाईडबरोबरची सहल

स्कॉटलंडचा डोंगराळ उत्तर भाग, म्हणजे हायलँड्स, आणि त्याच्या पश्चिमेची हेब्रिडीज बेटं यांच्या सहलींबद्दल वाचकांनी विचारलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : दोन कार्यक्रम समोर आहेत. एकात पाच दिवसांत स्काय, मल, आयोना, हॅरिस, लुईस अशी ‘पाच बेटं’, शिवाय ग्लेन्कोची दरी आणि लॉक नेस सरोवर. दुसऱ्यात सात दिवस, पण फक्त स्काय आणि हॅरिस-लुईस. पैशांत फार फरक नाही. कोणता घ्यावा?

उत्तर : दुसरा. अशा सहलीत बेटं मोजायची नाहीत, रात्री मोजायच्या. ज्या बेटावर मुक्काम नाही ते बेट बोटीच्या वेळापत्रकात बसेल तेवढंच दिसतं. उतरलात, गाडीत बसलात, फोटो काढला की पुन्हा बोटीचा धक्का. मल आणि आयोनाकडे जाणारी बोट मुख्य भूमीवरच्या ओबनहून सुटते, हॅरिसची बोट स्कायच्या उत्तर टोकावरच्या ऊइगहून. ही दोन टोकं जोडण्यात जवळजवळ एक दिवस रस्त्यावर जातो, आणि एकूण दिवस पाचच असतील तर तो परवडत नाही. शिवाय हॅरिस आणि लुईस ही नावं दोन असली तरी जमीन एकच आहे. म्हणजे जाहिरातीतली पाच बेटं प्रत्यक्षात चार.

पैसे भरण्यापूर्वी नकाशा उघडून मार्ग बोटाने फिरवून बघा. चांगला मार्ग गोल असतो, गेल्या रस्त्याने परत येत नाही. पहिल्या दिवशी एडिंबराहून ग्लेन्कोमार्गे फोर्ट विल्यम, सुमारे २१० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ग्लेनफिनन करून मॅलेग, आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या बोटीने स्कायवरचं आर्माडेल. स्कायवर दोन रात्री. मग ऊइग ते टार्बर्ट साधारण पावणेदोन तासांची बोट आणि हॅरिस-लुईसवर दोन रात्री. परतताना लुईसवरच्या स्टॉर्नोवेहून बोटीने मुख्य भूमीवरचं अलापूल, अडीच ते पावणेतीन तास. शेवटची रात्र इन्व्हर्नेसला, आणि दुसऱ्या दिवशी १७४६ च्या लढाईचं कलोडनचं मैदान पाहून एडिंबरा. सात दिवस नीट भरतात आणि कुठे धावपळ होत नाही.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या : संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर गाडी मिळणार का? बहुतेक वेळा मिळत नाही. त्यात कंपनीचा कंजूषपणा नाही, कायदा आहे. प्रवासी गाडीच्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावं लागतं, दिवसाला साधारण ९ तासांची मर्यादा आहे, आणि दोन दिवसांच्या मध्ये एरवी ११ तासांची विश्रांती लागते. लहान सहलींत गाईडच गाडी चालवतो, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर तो तुमचा नसतो. म्हणून मुक्काम गावातच हवा, जिथून जेवायला चालत जाता येईल. स्कायवर पोर्ट्री आणि लुईसवर स्टॉर्नोवे ही त्या दृष्टीने सोयीची गावं. गावापासून पाच किलोमीटरवरचं देखणं घर फोटोत कितीही छान दिसलं तरी रात्रीच्या जेवणाला तिथून जायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

प्रश्न : गाडीत कोणत्या बाजूला बसावं?

उत्तर : बऱ्याच सहलींत रोज जागा बदलतात, तरी निवड करता आली तर लक्षात ठेवा. दक्षिणेकडून रॅनक मूरचा माळ ओलांडून ग्लेन्कोत शिरताना डावी बाजू. बुआकेल एटिव्ह मोरचा त्रिकोणी सुळका आणि पुढे ‘थ्री सिस्टर्स’चे तीन कडे दोन्ही डावीकडे येतात. ग्लेनफिननला मॅलेगच्या दिशेने जाताना २१ कमानींचा रेल्वेपूल उजवीकडे, शील सरोवर डावीकडे. पोर्ट्रीहून उत्तरेला निघालात तर स्टॉरचे सुळके डावीकडे आणि समुद्र उजवीकडे. टार्बर्टहून दक्षिणेला लस्कनटायरकडे जाताना पांढऱ्या वाळूचे किनारे उजवीकडे येतात.

प्रश्न : कोणता महिना बरा? मे महिन्यात थंडी असते आणि जुलैत डास असतात असं ऐकलं.

उत्तर : मे किंवा सप्टेंबर. थंडीला घाबरून मे सोडू नका. पश्चिम किनाऱ्यावर मे हा वर्षातल्या सर्वांत कोरड्या आणि उन्हाच्या महिन्यांपैकी एक असतो. जुलैत तरी फार ऊब असते असं नाही, बेटांवर दुपारचं तापमान १५ ते १७ अंशांच्या आसपासच राहतं. जूनमध्ये स्टॉर्नोवेला सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आत उगवतो. मधल्या वेळातही पुरता काळोख होत नाही, त्यामुळे झोपताना डोळ्यांवरची पट्टी लागते.

पफिन पक्षी पाहायचे असतील तर मात्र मे ते जुलैच. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ते समुद्रात निघून गेलेले असतात. ‘मखर’ म्हणजे शिंपल्यांच्या वाळूवरची गवताळ सपाटी. ती जून-जुलैत फुलते. डोंगरउतारांवरचं हेदर नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप ऑगस्टमध्ये.

तुम्ही ऐकलेले डास म्हणजे ‘मिज’. डासांपेक्षा कितीतरी लहान चिलटं, पंख जेमतेम दीड मिलिमीटरचे. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असतात, जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त. पहाटे, संध्याकाळी, ढगाळ दमट हवेत आणि वारा पडला की थवेच्या थवे उठतात. एक चावली की तिच्या वासाने बाकीच्या येतात, म्हणून पहिली चावताच जागा बदला. वारा ताशी ११ किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही. त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर आणि टेकडीच्या माथ्यावर त्रास नसतो, तो झाडीत, ओढ्याकाठी आणि गाडीतळावर असतो. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी न्या, पण ती कडा असलेल्या टोपीवरून घाला. जाळी गालाला चिकटली तर चिलटं जाळीतूनच चावतात. गाडीत शिरताना दार उघडं ठेवून गप्पा मारू नका, सबंध गाडीला ते पुढचा तासभर भोगावं लागतं.

गवतातून चाललात तर रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी गोचीड आहे का ते बघा. तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल लावायचं नाही, जाळायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लालसर चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

प्रश्न : सहल संपते त्याच संध्याकाळी आमचं परतीचं विमान आहे. चालेल ना?

उत्तर : कृपया तिकीट बदला. सहल ठरलेल्या दिवशी संपेलच अशी खात्री बेटांवर कुणीही देऊ शकत नाही. स्काय आणि लुईस यांच्यामधला मिंच हा समुद्राचा पट्टा वाऱ्याचा आहे. जोराचा आडवा वारा असला की बोट समुद्रात चालते, पण धक्क्याला सुरक्षित लागू शकत नाही. कित्येक फेऱ्या एवढ्याच कारणाने रद्द होतात, म्हणून खिडकीतून समुद्र शांत दिसला तरी ‘बोट का नाही’ म्हणून गाईडशी वाद घालण्यात अर्थ नसतो. ऐन उन्हाळ्यातही बिघाडाने बोट बंद पडू शकते, आणि तिच्या जागी येणारी बोट दुसऱ्या मार्गावरून काढून आणावी लागते.

स्टॉर्नोवेची बोट रद्द झाली तर अनुभवी गाईड टार्बर्टहून ऊइगची जागा शोधतो. दोन्ही गावं तासाभराच्या अंतरावर आहेत. पण त्या दिवशी सगळ्यांनाच तीच बोट हवी असते. म्हणून सहल संपल्यावर मुख्य भूमीवर किमान एक पूर्ण रात्र मोकळी ठेवा, एप्रिल किंवा ऑक्टोबर असेल तर दोन. विमा घेताना ‘प्रवासाला उशीर’ आणि ‘पुढचं विमान चुकणं’ ही दोन कलमं वेगवेगळी वाचा. पहिलं असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही.

कंपनीला लेखी विचारा : बोट रद्द झाल्यास जादा रात्रीचं राहणं कोणाच्या खर्चाने? ब्रिटनमध्ये वाहन आणि राहणं एकत्र विकलं तर त्याला २०१८ चे पॅकेज ट्रॅव्हल नियम लागू होतात आणि आयोजकावर जबाबदारी येते. लहान गाड्यांच्या काही सहलींत मात्र गाडीचे पैसे कंपनीला आणि खोलीचे घरमालकाला असा व्यवहार असतो. तिथे ही जबाबदारी आपोआप धरून चालू नका.

प्रश्न : सामान किती न्यावं? कपडे कोणते?

उत्तर : सोळा आसनांच्या गाडीत मागची जागा लहान असते. बहुतेक कंपन्या माणशी एकच बॅग, १५ ते २० किलोच्या आत, असं सांगतात. कडक कवचाची मोठी सूटकेस वजनात बसली तरी जागेत बसत नाही. मऊ कापडी बॅग घ्या. उरलेलं सामान एडिंबराच्या हॉटेलात ठेवून जा.

कपड्यांत एकच तत्त्व : भिजलं तरी ऊब टिकावी आणि लवकर वाळावं. जीन्स आणि जाड सुती कपडे या दोन्हींत नापास. भिजलेली जीन्स घरगुती मुक्कामातल्या खोलीत रात्रभरात वाळत नाही आणि सकाळी तीच चढवावी लागते. अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, सर्वांत बाहेर टोपीचं जलरोधक जाकीट. जाकिटाची शिवण आतून पट्टी लावून बंद केलेली आहे का ते पाहा. पाणी कापडातून नव्हे, शिवणीतून आणि चेनमधून शिरतं. जलरोधक पँट लोक विसरतात, मग पाऊस आडवा आला की मांड्या भिजतात. बूट न काढता चढवता येईल अशी, घोट्यापर्यंत चेन असलेली घ्या. छत्री नेऊ नका, वारा ती पहिल्याच थांब्यावर उलटी करतो.

बूट निघण्यापूर्वी किमान तीन आठवडे घालून चाललेले हवेत. तळव्याची नक्षी खोल हवी, कारण तिथली पायवाट म्हणजे ओलं पीट, म्हणजे काळा दलदलीचा चिखल, आणि मध्ये मध्ये गुळगुळीत दगड.

प्रश्न : आईचं वय ६८, एका गुडघ्याचा त्रास. ती स्टॉर आणि स्टाफा करू शकेल का?

उत्तर : चढण्यापेक्षा उतरताना गुडघा किती दुखतो, हे आधी बघा. ‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’ या सुळक्यापर्यंत जाऊन-येऊन सुमारे ४ किलोमीटर आणि जवळपास ३०० मीटर चढ आहे. धडधाकट माणसाला दीड-दोन तास. सहलीत तेवढाच वेळ देतात, म्हणून सावकाश चालणारा अर्ध्यातून परततो. त्यात कमीपणा काहीच नाही. पहिल्या वीस मिनिटांच्या चढावर वळून पाहिलं तरी खाली साउंड ऑफ रासेचं पाणी आणि पलीकडचं बेट पूर्ण दिसतं. स्कायवरच्याच क्विरांगला तर गाडीतळापाशीच सर्वांत सुंदर देखावा आहे. भूस्खलनाने घसरलेला तो सबंध डोंगरउतार डोळ्यांसमोर असतो, आणि तो आजही सरकतो आहे. पायथ्याचा रस्ता त्यामुळे वारंवार दुरुस्त करावा लागतो. नीस्ट पॉइंटच्या दीपगृहाचं उलट आहे. जाताना उतार, येताना दमवणारा चढ, तेव्हा निघण्याआधी येण्याचा विचार करा.

स्टाफा बेट जास्त जपून. मल किंवा आयोनाहून लहान बोटीने जातात. लाटा असल्या तर कप्तान बेटाला बोट लावतच नाही, जवळून गुहा दाखवून वळतो, आणि तो निर्णय तिथे पोहोचल्यावरच होतो. उतरता आलं तर बेटाच्या माथ्यावर जायला उभ्या पायऱ्या आहेत. फिंगल्स केव्ह या गुहेकडची वाट खुली असेल तर ती बेसॉल्टच्या खांबांच्या माथ्यांवरूनच जाते. जवळून पाहिलं की कळतं, बहुतेक खांब षट्कोनी, मधूनच एखादा पंचकोनी, आणि प्रत्येकाची उंची शेजारच्यापेक्षा वीतभर कमी-जास्त. सह्याद्रीत चाललेल्यांना हा काळा पाषाण ओळखीचा वाटेल, कारण हाही लाव्हा थंड होऊनच झालेला आहे. पण इथे त्यावर शेवाळ आणि खारं पाणी असतं. प्रत्येक पाऊल वेगळ्या उंचीवर पडतं, आणि दुखऱ्या गुडघ्याला नेमकं तेच सोसत नाही. आईंना एक काठी द्या आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायला सांगा. नाहीतर त्या बोटीतच थांबू शकतील का, हे आधी विचारून ठेवा.

मग आयोना मात्र त्यांना नक्की दाखवा. मलवरच्या फिनफोर्टहून दहा मिनिटांची बोट, पाहुण्यांच्या गाड्यांना बेटावर बंदी, आणि मठापर्यंतचा रस्ता सोपा. सेंट कोलंबा आयर्लंडहून ५६३ साली इथे आले.

प्रश्न : बोट लागते. काय करावं?

उत्तर : सिनारिझिनसारखी गोळी बोट सुटण्याच्या साधारण दोन तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. तिने झोप येते, आणि इतर औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. बोटीत मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसा, नजर क्षितिजावर ठेवा, फोन खिशात. रिकाम्या पोटी जाऊ नका, कोरडा टोस्ट चालतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, आई कांदा-लसूणही खात नाही. उपाशी राहावं लागेल का?

उत्तर : शाकाहार अवघड नाही. सकाळच्या न्याहारीत पॉरिज, टॅटी स्कोन (बटाट्याची तव्यावरची भाकरी म्हणा), बीन्स, मशरूम, टोमॅटो सहज मिळतात. रात्री बऱ्याच ठिकाणी हॅगिस या एरवी मांसाच्या स्कॉटिश पदार्थाचा शाकाहारी प्रकार असतो. डाळी, ओट आणि भाज्यांचा. फसगत होते ती सूपमध्ये. भाजीचं सूप अनेकदा कोंबडीच्या किंवा हॅमच्या पाण्यात शिजवलेलं असतं, म्हणून ‘भाजीचं आहे का’ असं न विचारता ‘पाणी कशाचं’ असं विचारा. कांदा-लसूण नको असेल तर सालासकट भाजलेला बटाटा, चीज, बीन्स आणि कोशिंबीर यांवर भर द्यावा लागेल, आणि तेही बीन्सचा डबा वाचून. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी आठवडाभर आधी लेखी कळवा.

अन्नापेक्षा वेळ जास्त छळते. लहान गावांत स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठला बंद होतं आणि टेबलं आधीच भरलेली असतात. सहल ठरली की जेवणाच्या जागाही राखून ठेवा. लुईस-हॅरिसवर रविवार आला तर दुप्पट काळजी. तिथे रविवार कडक पाळतात. स्टॉर्नोवेहून रविवारची फेरी सुरू झाली तीही २००९ मध्ये. दुकानं, पेट्रोल, उपाहारगृहं बहुतेक बंद असतात, शनिवारी दुपारीच खरेदी उरका. लुईसवरचे केलनिशचे प्राचीन उभे दगड मात्र रविवारीही पाहता येतात. दक्षिणेकडच्या साउथ उइस्ट आणि बारा बेटांवर कॅथलिक वस्ती जास्त, तिथे रविवार इतका कडक नाही.

प्रश्न : खोल्या आम्हीच ठरवायच्या आहेत. काय तपासावं?

उत्तर : दोन मैत्रिणी असाल तर ‘ट्विन’ मागा. ‘डबल’ म्हणजे एकच पलंग. ‘एन-सूट’ लिहिलं नसेल तर न्हाणीघर सामाईक धरा. जुन्या घरांत लिफ्ट नसते. एकट्या प्रवाशाला बहुधा जादा आकार पडतो.

आणि गावाचं नाव दोनदा वाचा. टार्बर्ट नावाचं गाव हॅरिसवर आहे आणि लॉक फाइन या समुद्राच्या फाट्याच्या काठी, मुख्य भूमीवरही आहे. ऊइग स्कायवर आहे आणि लुईसच्या पश्चिम टोकालाही. नकाशावर क्लिक करून खोली घेणारे यात हमखास अडकतात. बोटीच्या वेळापत्रकात ‘टार्बर्ट (हॅरिस)’ असं कंसातलं नाव छापतात ते यासाठीच. हॅरिस-लुईससारख्या बाहेरच्या बेटांवर रस्त्याच्या पाट्यांवर गेलिक या तिथल्या भाषेतलं नाव आधी येतं : टार्बर्टचं ‘अन टार्बर्ट’ ओळखू येतं, पण हॅरिसवरचं लेव्हरबरा गेलिकमध्ये ‘अन टॉब’ आहे, तेव्हा दोन्ही नावं लिहून ठेवा.

प्रश्न : शेंगेन व्हिसा चालतो का? रोख किती ठेवावी?

उत्तर : चालत नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे धरा. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी ३०-४० पौंड रोख आणि थोडी नाणी ठेवा. बेटांवर रस्त्याकडेला लाकडी पेटी दिसते, आत अंडी, केक, मुरंबा आणि शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. तिथे सुटे लागतात. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटा वेगळ्या असतात आणि ब्रिटनबाहेर त्या बदलून मिळणं अवघड जातं. निघण्यापूर्वी खर्च करा किंवा बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा घ्या.

प्रश्न : हॅरिसहून सेंट किल्डाला एका दिवसात जाता येईल का?

उत्तर : येईल, पण सहलीच्या मोकळ्या दिवशी सहज उरकू असं ठरवू नका. नॉर्थ उइस्टच्या पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटर उघड्या अटलांटिकमध्ये हा द्वीपसमूह आहे. लेव्हरबराहून वेगवान लहान बोटीने एका बाजूला जवळपास तीन तास लागतात. बोटी एप्रिल ते सप्टेंबरच जातात, आणि हवा बिघडली तर दुसरा दिवस राखीव धरूनच तिकीट देतात. म्हणजे हॅरिसवर सलग तीन रात्री असतील तरच याचा विचार करा. गाईड सहसा बरोबर येत नाही आणि ते पैसे वेगळे असतात.

इथल्या शेवटच्या ३६ रहिवाशांना त्यांच्याच विनंतीवरून २९ ऑगस्ट १९३० रोजी मुख्य भूमीवर नेलं. त्यातल्या हिर्टा बेटावर त्यांच्या घरांची एकेरी रांग आहे, आणि उतारभर ‘क्लेट’ नावाच्या दगडी कोठ्या, हजाराहून अधिक. माथ्यावर गवताची ढेकळं आणि भिंतीत चुना-माती काही नाही. फटींतून वारा खेळावा आणि आत टांगलेले समुद्रपक्षी वाळावेत म्हणून मुद्दाम तसं रचलेलं. एखादीच्या दाराशी ओणवं होऊन हात आत घाला, वारा हाताला लागतो. बेटावर उपाहारगृह नाही. दिवसभराचं खाणं-पाणी बरोबर न्या आणि कचरा परत आणा. मोठ्या बोटीतून धक्क्यापर्यंत रबरी डिंगीने नेतात. तिच्यात चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून कॅमेरा जलरोधक पिशवीत आणि पिशवी पाठीवर.